रोहिणखेडचा बालसुलतान आणि कुमारांची ऐतिहासिक कादंबरी

इतिहाससंशोधकानें कादंबरीकडे, त्यांतून कुमारांसाठीं लिहिलेल्या कादंबरीकडे, लक्ष देण्याचें कारण काय, असा प्रश्न या त्रैमासिकाच्या कित्येक वाचकांच्या मनांत येईल. मनुष्यास इतिहासांतील राजा प्रथम भेटतो तो फर्मानांत किंवा तवारिखेंत नव्हे, तर वयाच्या बाराव्या-चौदाव्या वर्षीं वाचलेल्या गोष्टींत. पुढें तोच मनुष्य घरच्या दप्तराचा रुमाल सोडून बसतो, तेव्हां त्या गोष्टींतला राजाच त्याच्या डोळ्यांपुढें उभा असतो. कागद काय म्हणतो हें पाहण्यापूर्वींच कागदानें काय म्हणावें हें ठरून गेलेलें असतें. म्हणून मध्ययुगीन राजघराण्यांचें चित्र कुमारांपुढें कसें मांडावें, हा प्रश्न संशोधकासहि टाळतां येत नाहीं. बुलढाणें जिल्ह्यांतीलच एक प्रसंग घेऊन तो येथें तपासावयाचा आहे.

शेगांव हें पूर्णेच्या खोऱ्यांतील, पायनघाटांतील गांव. त्याच्या आग्नेयेस बाळापूर असून त्यानजीक अकबराचा पुत्र शहाजादा मुराद यानें शहापूर वसविलें. ईशान्येस सातपुड्यांत नरनाळा, नैर्ऋत्येस घाट चढून बरेंच आंत गेलें म्हणजे जाधवरावांचें सिंदखेड, आणि पश्चिमेस बालाघाटाच्या पायथ्याशीं, मोताळें तालुक्यांत, रोहिणखेड. या स्थळांपैकीं कुमारांच्या पुस्तकांत वारंवार येतें तें सिंदखेड. रंगपंचमीच्या दिवशीं लहानग्या जिजाबाईनें व शहाजीनें एकमेकांवर रंग उडविला आणि लखुजी जाधव विनोदानें सोयरिकीची गोष्ट बोलून गेले, हा प्रसंग मराठी मुलास तोंडपाठ असतो. तो उत्तरकालीन बखरींतून आलेला आहे, हें मात्र त्यास सहसा कोणी सांगत नाहीं. उलट याच लखुजींचा व त्यांच्या पुत्रांचा १६२९ सालीं दौलताबादेस निजामशहाच्या दरबारांत घात झाला, ही पक्क्या आधाराची गोष्ट त्या मानानें मागें पडते. रोहिणखेडचें तर नांवहि क्वचितच निघतें. वास्तविक कुमारवाचकाच्या वयाचा नायक जर कोठें शोधावयाचा असेल, तर तो रोहिणखेडच्या रणांगणावरच सांपडतो.

दक्षिणेंतील शाह्यांच्या उत्तरकाळांत अल्पवयी राजा ही विरळ गोष्ट नव्हती. वऱ्हाडच्या इमादशाहींतील बुऱ्हाण इमादशहा लहान असतां तुफालखानानें सर्व सत्ता बळकाविली व राजास नरनाळ्यावर कैदेंत ठेविलें. १५७४ सालीं मुर्तजा निजामशहानें नरनाळा व गाविलगड घेतले, तेव्हां राजा व त्याला कैदेंत ठेवणारा मंत्री हे दोघेहि एकदमच त्याच्या हातीं लागले. १५९५ सालीं चांदबिबीनें ज्याचा पक्ष धरून अहमदनगरचा किल्ला लढविला तो बहादूर तान्हें बालक होता. १६३३ च्या सुमारास शहाजीराजांनीं पेमगिरीस ज्या निजामशहाच्या नांवानें कारभार चालविला, तोहि मूलच. राजा लहान असला म्हणजे त्याच्या नांवाचा शिक्का ज्याच्या हातीं तोच खरा राजा, हें त्या काळचें राजकारण होतें. रोहिणखेडची कथा याच माळेंतील आहे. परंतु तींत एक गोष्ट अधिक आहे. तेथें मुलाच्या नांवानें लढणाऱ्या फौजेसमोर प्रत्यक्ष त्याचा बाप उभा होता.

हकीकत अशी. मुर्तजा निजामशहाचा धाकटा भाऊ बुऱ्हाण हा बंड फसल्यावर देशोधडीस लागून अखेर अकबराच्या आश्रयास गेला. त्याचे दोन पुत्र, इब्राहीम व इस्माईल, लोहगडावर कैदेंत राहिले. १५८८ सालीं मुर्तजास त्याच्याच पुत्रानें, मिरान हुसेनानें, ठार मारिलें व गादी घेतली. वर्षहि भरलें नाहीं तोंच, १५८९ च्या वसंतांत, मिर्झाखान या मंत्र्यानें हुसेनास कैद केलें आणि लोहगडाहून त्या दोघां भावांस आणविलें. थोरला इब्राहीम हबशी स्त्रीच्या पोटचा म्हणून त्यास बाजूस सारून धाकट्या इस्माईलास गादीवर बसविण्यांत आलें. त्याचें वय त्या वेळीं सुमारें बारा वर्षांचें होतें. राज्यारोहण चाललें असतांच जमालखान नांवाचा महदवी पंथाचा सरदार दक्षिणी व हबशी लोकांस घेऊन किल्ल्याच्या दारावर आला व आपला राजा हुसेन दाखवा म्हणूं लागला. मिर्झाखानानें हुसेनाचें मस्तक कापून बाहेर दाखविलें. त्यामुळें लोक शांत न होतां उलट खवळले; किल्ल्याचें दार जाळून आंत शिरले आणि शहरांतील परदेशी मुसलमानांची भयंकर कत्तल झाली. जमालखानानें इस्माईलास गादीवर तसेंच ठेविलें, परंतु कारभार आपल्या हातीं घेतला व महदवी पंथास राजाश्रय दिला.

बुऱ्हाणास ही संधि वाटली. अकबरानें त्यास मदत देऊं केली होती; परंतु मोंगल फौज घेऊन आल्यास दक्षिणेंतील लोक बिथरतील हें ओळखून त्यानें खानदेशचा राजा अलीखान व विजापूरचा इब्राहीम आदिलशहा यांचें साह्य घेतलें. जमालखानानें प्रथम विजापूरच्या फौजेचा पराभव केला आणि मग बालसुलतानास बरोबर घेऊन तो वऱ्हाडाकडे वळला. रोहिणखेडच्या घाटाची वाट शत्रूनें रोखून धरली होती, म्हणून त्यास दुसऱ्या अवघड वाटेनें उतरावें लागलें. वैशाखाचें ऊन, पाण्याचा तुटवडा, आणि पाण्याची जागा आधींच शत्रूच्या ताब्यांत, असें फिरिश्त्यानें वर्णिलें आहे. त्या ऋतूंत घाट उतरून पायनघाटांत आलेल्या मनुष्यास हें वर्णन पटवून देण्याची गरज नाहीं. लढाई जमालखानाच्या बाजूनें झुकत असतां बंदुकीची गोळी लागून तो पडला आणि सैन्य मोडलें. इस्माईल पकडला गेला. बुऱ्हाण अहमदनगरास जाऊन गादीवर बसला व मुलास त्यानें कैदेंत टाकिलें. किल्ल्यावरील कैदेंतून गादी, गादीवरून रणांगण आणि रणांगणावरून पुन्हां कैद, एवढा प्रवास या मुलानें सुमारें दोन वर्षांत केला. १५९५ सालीं बुऱ्हाण मरणोन्मुख झाला तेव्हांहि त्यानें इस्माईलास वगळून इब्राहीमासच वारस ठरविलें. महदवी लोकांनीं वाढविलेल्या मुलावर त्याचा विश्वास बसला नाहीं.

यांत कादंबरीकारास हवें तें सर्व आहे. प्रश्न असा कीं, यांतील कोणती गोष्ट कोणाच्या तोंडची आहे? आपणांस मुख्य साक्षीदार दोन. पहिला महंमद कासीम फिरिश्ता. तो अहमदनगरच्या नोकरींत होता. परदेशी लोकांच्या कत्तलीनंतरच्या काळांत तेथून निघून विजापुरास गेला. आणि विजापूरच्या फौजेंत असतां जखमी होऊन जमालखानाच्या हातीं सांपडला व पुढें निसटला. त्यानें आपला ग्रंथ इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयानें लिहिला. दुसरा सय्यद अली तबातबा, ज्याचा बुऱ्हाण-ई-मआसिर हा ग्रंथ नांवाप्रमाणेंच बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयानें सिद्ध झाला. त्याचें इंग्रजी भाषांतर सर वुल्सली हेग यांनीं १९२० पासून इंडियन अँटिक्वेरींत क्रमशः छापलें, आणि मराठींत भ. ग. कुंटे यांच्यामुळें तो वाचावयास मिळतो. म्हणजे एक साक्षीदार जमालखानाचा कैदी आणि दुसरा विजयी बापाचा आश्रित. जमालखान अत्याचारी होता व इस्माईल त्याच्या हातांतील बाहुलें होता, हें दोघेहि सांगतात; तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु इस्माईलाच्या बाजूचा किंवा महदवी पक्षाचा साक्षीदार त्यांत एकहि नाहीं. मुलानें बापाविरुद्धच्या लढाईस संमति दिली कीं नाहीं, त्यास बापाचा चेहरा आठवत होता कीं नाहीं, पाडाव झाल्यावर दोघे समोरासमोर आले तेव्हां काय बोलणें झालें, या प्रश्नांपाशीं साधनें थांबतात आणि कादंबरी सुरू होते. ही हद्द जेथें आहे तेथेंच ती दिसली पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.

कालनिर्णयाचेंहि उदाहरण येथें बोधप्रद आहे. लढाईची तिथि हिजरी ९९९ च्या रज्जब महिन्याची १३ तारीख, म्हणजे नव्या ख्रिस्ती गणनेनें ७ मे १५९१. कांहीं पुस्तकांत मात्र १५९० सालच पडलेलें आहे. निजामशाही मुलुखांतील मराठी कागदांवर शुहूर सन असे. तो मृगापासून सुरू होतो आणि त्या मे महिन्यांत शुहूर ९९१, म्हणजे इहिदे तिसैन तिसा मया, चालू होता. शुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावयाचे असतात. हा भेद विसरून सरसकट ५९९ मिळविल्यास १५९० येतें. तोच आंकडा कोणी हिजरी समजल्यास साल १५८३ निघतें. त्या वर्षीं मुर्तजा गादीवर होता आणि इस्माईल पांच-सहा वर्षांचा असावा. एका आंकड्याच्या चुकीनें चौदा वर्षांचा सुलतान अंगणांत खेळणारें पोर होतो! कादंबरीकारास हें क्षम्य म्हणावें, तर त्याची कादंबरी वाचून संग्रह करावयास निघालेल्यास काय म्हणावें?

दगडाविषयींहि तसेंच. रोहिणखेडास खुदावंदखान महदवी यानें १५८२ सालीं बांधलेली एक लहान पण सुंदर मशीद आहे. रणांगणाच्या गांवीं जुनी मशीद दिसली कीं ती विजयाचें स्मारक असावी, अशी कल्पना सहज सुचते. परंतु ती लढाईच्या नऊ वर्षें आधींची आहे, आणि ती बांधणारा सरदार जिंकणाऱ्यांचा नव्हे, तर हरलेल्या पक्षाच्या पंथाचा होता. इस्माईलाच्या बाजूचें असें जें थोडें कांहीं या जिल्ह्यांत उभें आहे, त्यांत ही वास्तु मोडते. एवढी एकच गोष्ट ध्यानांत ठेवली तरी कादंबरीचा सूर बदलतो: जमालखानाचे लोक या घाटाखालीं उपरे नव्हते, त्यांच्या पंथाचें घर येथें आधींच उभें होतें.

मराठी ऐतिहासिक कादंबरीची परंपरा या बाबतींत काय शिकविते? रा. भि. गुंजीकरांच्या मोचनगडापासून, म्हणजे १८७१ पासून, ती सुरू होते असें मानतात. स्कॉटिश कादंबरीकार स्कॉट यानें घालून दिलेली एक रीत आपल्या थोर कादंबरीकारांनीं उचलली, ती अशी कीं, राजास मध्यभागीं न ठेवतां एखादा कल्पित तरुण मध्यभागीं ठेवावा आणि राजा बाजूनें येऊन जावा. हरिभाऊ आपट्यांच्या उषःकालांत सुलतानगड हा किल्ला कल्पित आहे, त्यावरील किल्लेदाराचें घराणें कल्पित आहे, आणि शिवाजीमहाराज त्या कल्पित घराण्याच्या कथेंत प्रवेश करितात. या रीतींत मोठी सोय आहे. कल्पित तरुण वाटेल तें बोलूं शकतो. त्याचें बोलणें कोणी पुरावा म्हणून उद्धृत करणार नाहीं. याच्या उलट ऐतिहासिक पुरुषास मध्यभागीं आणून त्याच्या तोंडीं वाक्यें घातलीं म्हणजे काय होतें, हें त्याच हरिभाऊंच्या गड आला पण सिंह गेला या १९०३ सालच्या कादंबरीच्या लोकप्रियतेवरून दिसतें. तानाजीच्या मृत्यूमुळें कोंडाण्यास सिंहगड हें नांव पडलें, असें आज शाळेंतील मूलहि सांगतें. परंतु १६७० पूर्वींच्या पत्रांतच सिंहगड हें नांव आढळतें. कादंबरी उत्कृष्ट असली तरी, किंबहुना उत्कृष्ट असल्यामुळेंच, पत्र मागें पडलें. यांत हरिभाऊंचा दोष नाहीं. त्यांनीं कादंबरी लिहिली होती, आपण ती तवारीख म्हणून वाचली.

यावरून रोहिणखेडवर कुमारांसाठीं लिहूं इच्छिणाऱ्यास आमची सूचना अशी आहे. नायक इस्माईलास करूं नये. लोहगडावर त्याच्या तैनातीस असलेला, त्याच्याच वयाचा एखादा कल्पित मराठी मुलगा घ्यावा. तो पाणक्याचा मुलगा असेल तर फारच चांगलें. कारण रोहिणखेडची लढाई जितकी तलवारीची तितकीच पाण्याची होती, आणि पाणी कोठें आहे हें सुलतानापेक्षां पाणक्यास आधीं कळतें. तो मुलगा आपल्या धन्यास हत्तीवर बसलेला दुरून पाहील, तंबूंतील मसलत त्यास ऐकूं येणार नाहीं, आणि इस्माईलाच्या मनांत काय आहे याचा तो केवळ तर्क करील. वाचकहि त्याच्याबरोबर तर्कच करील. साधनें जेथें मुकीं आहेत तेथें अशा रीतीनें पुस्तकहि मुकें राहतें, आणि कथेची गोडी यत्किंचितहि कमी होत नाहीं. पुस्तकाच्या अखेरीस पानभर मजकुरांत कोणत्या व्यक्ति खऱ्या व कोणत्या कल्पित हें सांगितलें, तर मुलें तें पान प्रथम वाचतील अशी आमची खात्री आहे.

दुसरी सूचना पक्षांविषयीं. मुलांच्या पुस्तकांत दोन बाजू असाव्या लागतात, आणि आपल्याकडे त्या दोन बाजू बहुधा धर्मावरून पाडल्या जातात. रोहिणखेडची लढाई त्या सांच्यांत बसत नाहीं. दोहों बाजूंस एकाच घराण्याचे बाप व लेक, बापाच्या मदतीस खानदेश व विजापूर, पाठीशीं दिल्लीपतीची सहानुभूति. लेकाच्या बाजूस दक्षिणी व हबशी सरदार आणि महदवी पंथ. भांडण होतें तें दक्षिणी आणि परदेशी यांचें, पंथापंथांचें, आणि मुख्यतः शिक्का कोणाच्या हातीं राहावा याचें. त्याचा परिणामहि दूरवर पोंचला. घरांतील या कलहानें पोंखरलेल्या निजामशाहीस पांच वर्षांतच, १५९६ सालीं, वऱ्हाड मोंगलांच्या स्वाधीन करावें लागलें, आणि मुरादाचें शहापूर बाळापुराजवळ उभें राहिलें. चौदा वर्षांच्या वाचकास एवढी गुंतागुंत पेलवणार नाहीं असें मानणें हा त्याचा अपमान आहे. इस्माईलास चौदाव्या वर्षीं ती सोसावी लागली होती.

आतां संग्राहकांविषयीं दोन शब्द. जुन्या घरांतून रोहिणखेडची हकीकत, कैफियत किंवा बखर म्हणून एखादें बाड पुढें आल्यास प्रथम सन पाहावा. १५९१ च्या निजामशाही कागदांत फसली सन येऊं शकत नाहीं, कारण दक्षिणेंत तो शहाजहानच्या कारकीर्दींत सुरू झाला. नंतर कागद पाहावा. गिरणीच्या कागदावरील लेख टाकाऊ नव्हे. पण ती फार तर नक्कल होय, आणि नक्कल कोणी, केव्हां, कशावरून केली हें विचारल्याशिवाय तीस बखर हें नांव देऊं नये. तिसरें, मजकुरांत संवाद फार असतील, राजा स्वगत बोलत असेल, सूर्योदयाचें वर्णन असेल, तर हौशी लेखकानें कादंबरीवरून उतरून घेतलेला भाग तर हा नव्हे ना, अशी शंका घ्यावी. चौथें, घरच्या मंडळींनीं तोंडीं सांगितलेली हकीकत अवश्य टिपावी, पण ती वेगळ्या कागदावर, सांगणाराचें वय व टिपल्याची तारीख घालून; मूळ बाडाच्या समासांत कधींहि नव्हे. उलटपक्षीं एखाद्या वतनाच्या महजरांत, पाटिलकीच्या तंट्यांत, ओघानें आलेली फौजेच्या मुक्कामाची, बुडालेल्या पिकाची किंवा पळालेल्या कुणब्यांची एक ओळ फिरिश्त्याच्या पानाइतकीच मोलाची मानावी. दोन्ही तवारिखा दरबारांत लिहिल्या गेल्या; ती एक ओळ या घाटाखालच्या माणसाची असेल.

शेगांवास श्रीगजाननमहाराजांच्या समाधीमुळें वर्षभर यात्रेकरूंची रीघ असते, आणि दासगणूंच्या गजाननविजय ग्रंथाचें पारायण घरोघर चालतें. पारायणास बसणारा मनुष्य पोथी कशासाठीं वाचावयाची हें जाणून बसतो; तो तींत भक्ति शोधतो, महसुलाचा आंकडा शोधीत नाहीं. ग्रंथ आणि वाचक यांच्यांतील करार तेथें स्पष्ट असतो. कुमारांच्या ऐतिहासिक कादंबरीचा असा करार अद्याप ठरावयाचा आहे. तो ठरविण्याचें काम एकट्या कादंबरीकाराचें नव्हे. ज्यांच्या हातीं कागद आहेत त्यांनीं ते तपासून, छापून, सुलभ मराठींत पुढें ठेवले पाहिजेत. नाहीं तर कादंबरीकारानें काय वाचून लिहावें? लोहगडावरून आणलेल्या त्या मुलास त्याच्या हयातींत स्वतःच्या नांवानें बोलावयास मिळालें नाहीं. आज त्याच्या तोंडीं वाटेल तें वाक्य घालणें म्हणजे जमालखानानें जें केलें तेंच पुन्हां करणें होय.